बीगलबोन ब्लॅक: कार्ड घातलं तरी जुनं अँगस्ट्रॉमच उठतंय, बूटलोडर बदलायचा का?

प्रयोगशाळासहायक · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब माझ्याकडे आहे. कपाटात बीगलबोन ब्लॅकचे (एका छोट्या बोर्डावरचा लिनक्स संगणक) डझनभर बोर्ड पडून आहेत. सगळे रेव्हिजन बी, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या २ जीबी साठवणीच्या चिपवाले (तीच ईएमएमसी), आणि आत खरेदीच्या वेळचं अँगस्ट्रॉम लिनक्स. यंदा तिसऱ्या वर्षाच्या पोरांना एम्बेडेड लिनक्स शिकवायचंय, म्हणून एसडी कार्डांवर डेबियन १०.३ ची आयओटी इमेज उतरवली.

अडचण अशी की कार्ड घालून वीज दिली तरी अँगस्ट्रॉमच उठतं. कार्डाच्या खाचेजवळचं एस२ बटण दाबून धरलं आणि मग वीज दिली, तरच डेबियन येतं. त्यात गंमत म्हणजे दोन-तीन बोर्डांना बटण लागतच नाही, ते गुमान कार्डावरून उठतात. कार्ड तेच, अडॅप्टर तोच.

एक मित्र म्हणतो ईएमएमसीतला बूटलोडर, म्हणजे सिस्टिम उठवणारा प्रोग्रॅम, जुना झालाय, अपडेट मार. दुसरा म्हणतो बूटलोडरला हात लावलास तर बोर्ड ब्रिक होईल, म्हणजे नुसती वीट. नवीन बोर्डांना मंजुरी मिळण्याची शक्यता शून्य आहे, त्यामुळे प्रयोग जपून करायचाय.

नकोरेबाबा · सोमवार, रात्री ९:४०

बटण दाबून चालतंय ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला. पोरांना सांगा बटण दाबा.

प्रयोगशाळासहायक · सोमवार, रात्री ९:४८

पोरं बटण दाबतात, पण वीज आल्यावर दाबतात. अर्धं प्रात्यक्षिक त्यातच जातं.

सोल्डरबहाद्दर · सोमवार, रात्री १०:०५

सर, सीरियल केबल लावून बोर्ड काय छापतो ते बघितल्याशिवाय बूटलोडरवर बोलणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. पाच व्होल्टच्या जॅकजवळ, पी९ हेडरला (पिनांच्या रांगेला) लागून जे१ नावाची सहा पिनांची पट्टी आहे. ठिपका असलेली पिन १ ग्राउंड, ४ म्हणजे बोर्डाचं आरएक्स (डेटा घेणारी), ५ म्हणजे बोर्डाचं टीएक्स (डेटा पाठवणारी). मॉड्यूलचं टीएक्स ४ वर आणि आरएक्स ५ वर जातं. मॉड्यूलची व्हीसीसी कुठेच जोडायची नाही. मॉड्यूलवर ५ आणि ३.३ व्होल्टचा जंपर असेल तर तो ३.३ वर ठेवा, हा प्रोसेसर ५ व्होल्ट खपवून घेत नाही. वेग १,१५,२००, आठ बिट, पॅरिटी नाही. पुण्याला कुणी येणार असेल तर बुधवार पेठेत यूएसबी-सीरियल मॉड्यूल कुठल्याही दुकानात मिळतं.

मग एकदा बटणाशिवाय आणि एकदा बटण दाबून काय छापून येतं ते इथे टाका. ते शहाणे दोन-तीन बोर्ड आहेत ना, त्यांचं कार्ड काढून पण एकदा बघा.

प्रयोगशाळासहायक · मंगळवार, दुपारी ४:३०

लावली केबल. बटणाशिवाय: यू-बूट २०१३.०४ असं येतं, म्हणजे हाच तो बूटलोडर. कार्ड सापडलं म्हणतं, त्यावर यूएन्व्ह डॉट टीएक्सटी ही सेटिंगची फाइल शोधतं, फॅट (विंडोजलाही वाचता येतो तो) विभाग वाचता येत नाही अशी तक्रार करतं आणि सरळ ईएमएमसीकडे वळून अँगस्ट्रॉमचं कर्नल उचलतं. बटण दाबून: पहिल्या ओळीपासूनच यू-बूट एसपीएल २०१९.०४.

शहाण्या बोर्डांचं कार्ड काढलं तर यू-बूटचं नावही येत नाही. नुसती सीसीसीसी अशी रांग लागते. ईएमएमसी मेली का यांची?

खटपट्या · मंगळवार, रात्री ८:५०

ईएमएमसी मेलेली नाही. उलट त्या रांगेतच तुमचं उत्तर आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ दर सहा महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा होतो.

या बोर्डावरच्या एएम३३५८ चिपच्या पोटात बूट रॉम आहे. तो सिलिकॉनमध्येच घडवलेला, त्यामुळे तुम्ही, मी किंवा पोरांनी कितीही ठरवलं तरी पुसला जात नाही. वीज आली की तो काही पिनांची पातळी वाचतो आणि कुठून बूट करायचं त्याचा क्रम ठरवतो. एस२ मोकळं असेल तर आधी ईएमएमसी, मग एसडी, मग सीरियल, मग यूएसबी. एस२ दाबलेलं असेल तर एसपीआय, एसडी, यूएसबी आणि शेवटी सीरियल. म्हणजे मोकळ्या बटणाला कार्ड आत आहे की नाही हे रॉम विचारतच नाही. ईएमएमसीत पहिला टप्पा सापडला की त्याच्या हाती कारभार देऊन तो मोकळा.

तो पहिला टप्पा म्हणजे एमएलओ ही फाइल, यू-बूटचंच छोटं रूप, एसपीएल. बोर्डावर ५१२ एमबी रॅम असली तरी त्या क्षणी ती सुरूच झालेली नसते. रॉमच्या हाताशी चिपमधली इवलीशी मेमरी असते आणि तीत १०९ केबीपेक्षा मोठा प्रोग्रॅम मावत नाही. एमएलओ तेवढ्यात बसतो, डीडीआर रॅम जागी करतो आणि मग मोठं यू-बूट, म्हणजे यू-बूट डॉट आयएमजी, त्या रॅममध्ये आणतो. कर्नल त्याच्याही पुढे.

आता तुमच्या बोर्डांवर काय होतंय बघा. बटणाशिवाय रॉमला ईएमएमसीत २०१३ चा एमएलओ मिळतो. ते जुनं यू-बूट कार्डाकडे बघतं खरं, पण त्याला पहिला विभाग फॅट हवा आणि त्यात यूएन्व्ह फाइल हवी. तुमच्या डेबियनच्या कार्डावर एकच, लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचा विभाग आहे. त्याला तिथे काही ओळखीचं दिसत नाही, ते घरी परततं. कार्डात खोट नाही. जुन्या बूटलोडरला नव्या कार्डाची मांडणी ठाऊक नाही, एवढंच.

शहाण्या बोर्डांच्या ईएमएमसीत एमएलओच नाही. म्हणून रॉम आपोआप पुढच्या पायरीवर, कार्डावर जातो. कार्ड काढलं की सीरियलवर येऊन बसतो, आणि सी छापणं ही त्याची एक्समोडेमने (सीरियलवरून फाइल पाठवायची पद्धत) प्रोग्रॅम पाठवा म्हणण्याची रीत. सी दिसला म्हणजे प्रोसेसर, वीज आणि रॉम तिन्ही ठणठणीत.

थोडक्यात, तुम्हाला बूटलोडर अपडेट करायची गरज नाही. शहाण्या बोर्डांसारखे बाकीचे करा.

शून्यएक · मंगळवार, रात्री ९:१५

सहमत नाही. ईएमएमसीत २०१९.०४ टाकून दिलं तर कार्ड असेल तेव्हा कार्डावरून उठेल आणि नसेल तेव्हाही यू-बूटचा प्रॉम्प्ट तरी मिळेल. नुसती सीसीसी बघून पोरं बोर्ड बिघडला म्हणून जमा करतील.

खटपट्या · मंगळवार, रात्री ९:४१

पोरांना सी म्हणजे काय ते पहिल्याच तासाला शिकवावं, त्याहून चांगला धडा दुसरा नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. ईएमएमसीत बूटलोडर ठेवला की प्रत्येक कार्डाला त्याच्या हातून उठावं लागतं. आज तो नवा. पाच वर्षांनी सर निवृत्त होतील, नवे सर त्या वेळची इमेज आणतील आणि हाच धागा पुन्हा निघेल. ईएक्सटी४ च्या बाबतीत हे घडून गेलंय. २०१६ पासून नव्या साधनांनी फॉरमॅट केलेल्या विभागांत ६४ बिटांचं वैशिष्ट्य आपोआप चालू व्हायला लागलं आणि जुनी यू-बूटं तो विभाग वाचू शकेनात. बीगलबोनच्या इमेजा बनवणारे बरीच वर्षं ते मुद्दाम बंद करून विभाग बनवत होते.

लॅबमध्ये सिस्टिम कार्डावर आहे, तर बूटलोडरही कार्डावरच असू दे. दोघं एका इमेजमधून आलेले असतात, त्यांचं पटतं. ज्याची सिस्टिम ईएमएमसीत आहे त्याने ईएमएमसीतला बूटलोडर अपडेट करावा.

प्रयोगशाळासहायक · मंगळवार, रात्री १०:०२

पटलं. मग एमएलओ घालवायचा कसा? नेटवर सगळीकडे ईएमएमसीचे पहिले १० एमबी शून्यांनी भरा असं दिसतंय. ते करवत नाही.

खटपट्या · मंगळवार, रात्री १०:२०

तुमच्या बाबतीत डीडी, म्हणजे डिस्कवर थेट बाइट लिहिणारी ती कमांड, चालवायचीच गरज नाही. रॉम ईएमएमसीवर आधी कच्च्या जागा बघतो: अगदी सुरुवात, मग १२८ केबी, २५६ केबी आणि ३८४ केबी. तिथे योग्य हेडर (प्रोग्रॅमच्या सुरुवातीची ओळखखूण) नसेल तर फॅट विभागाच्या मुळाशी एमएलओ नावाची फाइल शोधतो. अँगस्ट्रॉमच्या काळात बूटलोडर त्या फॅट विभागातच ठेवलेला असायचा. म्हणून:

कार्डावरून डेबियन उठवा. त्यात कार्ड एमएमसीबीएलके० असेल आणि ईएमएमसी एमएमसीबीएलके१. एलएसबीएलके चालवून आकार बघून खात्री करा. यादीत ज्याच्याखाली बूट० आणि बूट१ असे दोन छोटे विभाग दिसतात तीच ईएमएमसी, कार्डाला ते नसतात. त्या दोघांना हात लावू नका. ईएमएमसीचा पहिला विभाग माउंट करा आणि एमएलओचं नाव बदलून एमएलओ डॉट जुना करा. सिंक, अनमाउंट, वीज पूर्ण बंद. उद्या अँगस्ट्रॉम परत हवं झालं तर नाव पूर्ववत करायचं.

एक खाच आहे. एस२ ची स्थिती फक्त वीज येताना वाचली जाते. रीसेट दाबलं किंवा रीबूट केलं तरी आधीचीच टिकते. त्यामुळे चाचणी घेताना केबल उपसून परत लावा, नाहीतर बटणाच्या पुण्याईने उठलेला बोर्ड आपल्या कर्तृत्वाने उठला असं वाटेल.

पायवाला · बुधवार, सकाळी ७:५५

एवढं रामायण? रास्पबेरी पाय ४ वर एक कमांड मारली की बूटलोडर अपडेट.

सोल्डरबहाद्दर · बुधवार, सकाळी ८:३०

पाय ४ चा बूटलोडर वेगळ्या एसपीआय ईप्रॉममध्ये बसतो, कार्डाशी त्याचा संबंध नाही, म्हणून सोपं. अपडेट चालू असताना वीज गेली तर तिथेही कार्डावर रिकव्हरी फाइल टाकून बसावं लागतं. धागा बीगलबोनचा आहे, चहा घ्या आणि बसा.

द्राक्षबागवाला · बुधवार, दुपारी १:१०

मला मात्र खरोखर अपडेट लागणार आहे असं दिसतंय. तासगावकडे बागेत हवामानाची पेटी बसवली आहे. आत रेव्हिजन सी, ४ जीबी, डेबियन ८ ईएमएमसीतूनच चालतं. पानांचा ओलावा आणि तापमानाचे सेन्सर आरएस४८५ च्या तारेवरून यूएआर्ट ४ या सीरियल पोर्टला येतात. कर्नल नवं घातलं आणि यूएआर्ट ४ गायबच झालं. पेटी सध्या घरी आणली आहे. बागेत सोलर आहे, पण घरी लाईटचा भरवसा नाही. अपडेट चालू असताना गेली तर?

म्युनिककर · बुधवार, संध्याकाळी ६:४५

तुमचं निदान बरोबर वाटतंय. पूर्वी केपचे (वर बसणाऱ्या जोडबोर्डांचे) ओव्हरले, म्हणजे कुठल्या पिना कशाला वापरायच्या ते सांगणाऱ्या फाइली, कर्नलमधला केप मॅनेजर लावायचा. नव्या कर्नलांत तो नाही, ते काम यू-बूटकडे गेलं. यूएन्व्हमध्ये ओव्हरलेची ओळ चालू केली तरी जुन्या यू-बूटला ती कळतच नाही. म्हणजे इथे अपडेटला कारण आहे.

आधी सध्या काय बसलंय ते बघा. या इमेजांत ऑप्ट स्क्रिप्ट्सच्या टूल्स फोल्डरमध्ये व्हर्जन नावाची स्क्रिप्ट असते, ती कार्ड आणि ईएमएमसी दोन्हींवरच्या बूटलोडरची आवृत्ती छापते. नसेल तर ईएमएमसीचा पहिला एक एमबी वाचून स्ट्रिंग्ज कमांडमधून काढा आणि यू-बूट शब्द शोधा. यू-बूटची आवृत्ती म्हणजे वर्ष आणि महिना, २००८ पासून तशीच पद्धत आहे, त्यामुळे किती जुनं ते नावावरूनच कळतं.

दुसरं, एमएलओ आणि यू-बूट डॉट आयएमजी एकाच बिल्डमधून घ्या. एक इकडून, एक तिकडून असं करू नका. स्वतः बांधणार असाल तर एएम३३५एक्स ईव्हीएमचा डेफकॉन्फिग (तयार सेटिंग), आर्म हार्डफ्लोट क्रॉस कंपायलर, आणि दोन्ही फाइली एका मेकमध्ये बाहेर पडतात. पण मेनलाइन, म्हणजे मूळ प्रकल्पाचं यू-बूट जसंच्या तसं घेतलंत तर बीगलबोनच्या यूएन्व्हमधल्या सोयी त्यात नसतील, त्या बीगलच्या पॅचेसमध्ये आहेत. तुमच्या कामाला त्यांच्या इमेजमधलंच तयार यू-बूट बरं.

अवांतर: मी राहतो त्या म्युनिकच्या वेशीवरच ग्रोबेनझेल आहे, डेन्क्स कंपनी तिथली. यू-बूट सुरू करणारे वोल्फगांग डेन्क २०२२ मध्ये गेले.

खटपट्या · बुधवार, रात्री ८:३०

बागवाले दादा, लिहिण्याआधी एक गोष्ट जरूर तपासा, ती सहसा कुणी सांगत नाही. एफडिस्कने ईएमएमसीचा पहिला विभाग कुठल्या सेक्टरपासून सुरू होतो ते बघा. ८१९२ असेल तर ४ एमबीपासून, भरपूर मोकळी जागा. २०४८ असेल तर १ एमबीपासून. यू-बूट डॉट आयएमजी ३८४ केबीपासून लिहायचं असतं, म्हणजे दुसऱ्या बाबतीत त्याला फक्त ६४० केबी उरतात. नवी यू-बूटं त्याहून मोठी असू शकतात, आणि मग शेपूट थेट तुमच्या फाइल सिस्टिमवर लिहिलं जातं. बूटलोडर छान उठेल आणि रूट विभाग सापडणार नाही.

जागा असेल तर: डीडीला एमएलओ द्या, आउटपुट एमएमसीबीएलके१, विभाग नव्हे, पूर्ण डिव्हाइस. ब्लॉक १२८के, सीक १, काउंट १. मग यू-बूट डॉट आयएमजी, ब्लॉक ३८४के, सीक १, काउंट २. दोन्हींना शेवटी कॉन्व्ह एफसिंक. मग तेवढेच बाइट परत वाचून सीएमपीने मूळ फाइलशी ताडून बघा. रॉम एमएलओचं फक्त हेडर बघतो, आतला मजकूर अर्धवट असला तरी बिनदिक्कत चालवायला घेतो आणि बोर्ड मुका होतो. म्हणून ताडणं टाळू नका. हे सगळं बोर्डावर बसून करा. लॅपटॉपवर कार्डासाठी करत असाल तर डिव्हाइसचं नाव मोठ्याने वाचा, लॅपटॉपची स्वतःची डिस्कही त्याच यादीत असते.

लाईटचं म्हणाल तर एवढं लिहायला डोळ्याचं पातं लवतं. तरी पॉवर बँक लावा. आणि गेलीच समजा, एस२ दाबून कार्डावरून उठवायचं आणि पुन्हा लिहायचं. कार्डाची खाच तुटली असेल तरी सीरियलवरून येतं: कार्ड काढून, बटण दाबून वीज द्या, सी आला की एक्समोडेमने यू-बूट एसपीएल डॉट बिन पाठवा, मग वायमोडेमने यू-बूट डॉट आयएमजी. तिथे एमएलओ पाठवू नका, त्याच्या पुढे हेडर चिकटवलेलं असतं आणि सीरियलच्या वाटेने ते नको असतं.

नकोरेबाबा · बुधवार, रात्री ९:०५

पेटी एरवी बागेत असते, सोलरवर. असे बोर्ड दुरून, मोबाइल डेटावरून अपडेट करायचे असतील तर? बूटलोडरपण दुरूनच?

म्युनिककर · बुधवार, रात्री ९:३०

माझ्या मते नाही. कर्नल आणि रूट विभाग दोन-दोन ठेवून दुरून अदलाबदल करता येते, आणि नवा बिघडला तर जुन्यावर परत आणायचं काम यू-बूटच करतं. ज्याच्या भरवशावर परतायचं त्यालाच दुरून हलवू नये. एमएलओची एक प्रत २५६ केबीवर ठेवता येते, पण वर लिहिलंय तसं, १२८ केबीवरची बिघडली तरी तिचं हेडर शाबूत असेल तर रॉम दुसरीपर्यंत पोहोचतच नाही. बूटलोडर बदलायचा तर पेटी हाताशी हवी.

प्रयोगशाळासहायक · गुरुवार, संध्याकाळी ५:२०

झालं एकदाचं. बाकीच्या सगळ्या बोर्डांवर एमएलओचं नाव बदललं, आता एकही बटण न दाबता डेबियन येतं. शहाण्या बोर्डांचंही गुपित कळलं. यूएसबीला लावलं की बीगलबोनचा तो फॅट विभाग विंडोजमध्ये पेनड्राइव्हसारखा दिसतो. मागच्या कुठल्यातरी बॅचने तो रिकामा करून त्यात सेमिनारच्या पीडीएफ ठेवल्या आहेत. दोन बोर्डांवर एकच सेमिनार, नावं वेगळी.

शून्यएक · गुरुवार, संध्याकाळी ५:४०

हा हा. सर, डेबियन १० ला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, लॅबच्या नेटवर्कपुरतंच ठेवा. नवीन इमेज घेतलीत तरी आता बूटलोडर आड येणार नाही, एवढं खटपट्यांचं मान्य.

नवखा_एम्बेडेड · गुरुवार, रात्री ९:५०

माझा ऑनलाइन घेतलेला स्वस्तातला सुसंगत बोर्ड आहे. जुन्या यू-बूटवर चालत होता. दुसरं यू-बूट टाकल्यावर सीरियलवर अननोन बोर्ड, पिनमक्स निवडता येत नाही असं छापून थांबतो. आता?

खटपट्या · गुरुवार, रात्री १०:१५

बोर्डावर एक छोटा आयटूसी ईप्रॉम असतो, पत्ता ०एक्स५०. एसपीएल त्यातून बोर्डाची ओळख वाचतं. बीगलबोन ब्लॅकसाठी तिथे ए३३५बीएनएलटी असं लिहिलेलं असावं लागतं. काही बोर्डांत तो कोराच असतो. जुनं यू-बूट पुन्हा घालून उठवा आणि ईप्रॉमचे पहिले काही बाइट वाचून इथे टाका. कोरा निघाला तर बघू. तोवर त्यात काही लिहू नका.

द्राक्षबागवाला · शुक्रवार, सकाळी १०:३०

८१९२ निघालं. पॉवर बँकेवर लिहिलं, ताडून बघितलं, जुळलं. ओव्हरलेची ओळ चालू केली आणि टीटीवायएस४, म्हणजे ते यूएआर्ट ४, आलं, सेन्सरचे आकडे यायला लागले. दुपारी पेटी बागेत नेतोय.

खटपट्या · शुक्रवार, सकाळी १०:४२

झाकण लावण्याआधी कार्ड बाहेर काढा, वीज पूर्ण तोडा आणि बटणाला हात न लावता एकदा उठवून बघा. कार्ड आत असताना घेतलेल्या चाचणीत सिस्टिम नक्की कुठून उठली ते कळत नाही.

द्राक्षबागवाला · शुक्रवार, सकाळी १०:५८

कार्ड आतच होतं! काढलं. उठला. निघतो.